काठावरून हाक मारायची नाही

मी शिकायला अमेरिकेला निघालो त्या दिवशी गडचिरोलीच्या स्टँडवर नागपूरची एसटी लागली, तेव्हा बाबांनी माझी बॅग स्वतः टपावर चढवली. मायनं तीत सुकवलेल्या झिंग्यांचा डबा कोंबला होता. तो मी नागपुरातच मित्राला देऊन टाकला. बाबा खिडकीशी आले. "इथली काळजी करू नको. तिथी मन लावून शिकजो," एवढंच म्हणाले.

मंदे, तू माझी धाकटी बहीण, हे तुझ्यासाठी लिहितोय. आणि माझ्यासारखे जे गाव सोडून गेले त्यांच्यासाठीही. त्यांनी तरी शहाणं व्हावं.

अमेरिकेत पीएचडीसाठी माझं काम काय, तर नखाएवढी चिप गारठवणं. तिच्यावरचं अॅल्युमिनियमचं सर्किट इतकं थंड करायचं, की वीज विनाअडथळा वाहावी आणि त्यातून क्वांटम कॉम्प्युटरचा एक क्यूबिट, म्हणजे त्याचा सगळ्यात छोटा घटक, जमावा. फ्रिज माणसापेक्षा उंच. थंड व्हायलाच त्याला दिवसच्या दिवस लागत आणि दर तीन दिवसांनी द्रव हेलियम ओतावं लागे. मध्येच गरम झाला तर तीच चिप पुन्हा तशी वागेल याची खात्री नसे. दोन वर्षं माझी एकही चिप धड चालली नाही. तिसऱ्या हिवाळ्यात एक चालली.

त्याच आठवड्यात एसटीडी बूथवरून बाबांचा फोन आला. "काय करून राह्यला?" मी म्हणालो, "बाबा, जाळं पाण्यात आहे. महिनाभर तरी."

आपण ढिवर. तलावात जाळं ओढणाऱ्याला काठावरून हाक मारायची नाही, मासोळी बिथरते, हे आपल्याला बोलता येण्याआधी कळतं. बाबा हसले. "बरं. मंग आमी हाक नाई मारत." किती झकास समजावलं, म्हणून मी स्वतःवरच खूश झालो. खरं सांगतो, मला त्या फोनांचा कंटाळाही आला होता. शिवाय शेजारच्या टेबलावरचा चिनी सोबती आपणहून म्हणाला होता, गावी जायचं तर जाऊन ये, हेलियम मी भरतो. ते मी बाबांना सांगितलंच नाही.

महिन्यानं मोजमापं संपली. मी गावातल्या शाळेच्या गुरुजींच्या घरी फोन लावून मायला बोलावलं आणि म्हणालो, "बाबांना सांग, मासोळी लागली."

 माय म्हणाली, "तुये बाबा गेले रे. अठरा दिवस झाले. कावीळ झालती. मी म्हनो, पोराले फोन करा. तर म्हने, त्याचं जाळं पान्यात हाय, हाक मारू नको."

तेरवीसुद्धा उरकली होती. मी आलो, आठ दिवस पाहुण्यासारखा बसलो, परत गेलो. ती चिप पुन्हा थंड केली, पण ती काही चालली नाही. प्रबंधात तिचा एक आलेख आहे. लोक त्याला चांगला म्हणतात. मला तो बघवत नाही.

माझं घर आता असं आहे, की तिथलं सगळं मला उरकल्यावर कळतं. गावात टॉवर आला, तुझ्याकडे मोबाइल आला, तरी फोन मीच लावायचा. मागे मायचा हात मोडला, ते मला प्लास्टर निघाल्यावर समजलं. मी तुझ्यावर केवढा चिडलो. तू शांतपणे म्हणालीस, "दादा, तुले फुरसत हाय का नाई, आमाले कसं कळन?"