अण्णांची कडू बायि

दातांच्या दवाखान्यात किस्से साठत जातात आणि सांगता सांगता एकमेकांत मिसळतात. पुढचे सगळे खरे आहेत असं मला वाटतं. कोण आधी आलं आणि कोण नंतर, याची मात्र खात्री नाही. नव्वदच्या दशकात पुण्याहून येऊन मी बंगळुरातल्या राजाजीनगरात दवाखाना उघडला आणि पहिल्याच हिवाळ्यात फ्लूची साथ आली.

अण्णा यशवंतपूरचे चहाचे व्यापारी. घराणं पिढ्यान् पिढ्या बंगळुरात, त्यामुळे मराठी निम्मी कन्नड. आल्या आल्या म्हणाले, "डॉक्टर, तापानंतर बायि फार कडू झालीय."

"मग त्यांना बरोबर का नाही आणलंत?"

अण्णांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि तोंड उघडलं. "आणलीय की."

कन्नडमध्ये बायि म्हणजे तोंड, हे मला तेव्हा कळलं.

गंमत सोडा, पण त्यांची चव पार गेली होती. हा माणूस चहा चाखून माल घेणारा. "जीभ गेली तर दुकान गेलं," ते म्हणाले. "येईल चव, स्वल्प वेळ लागेल," मी सांगितलं आणि घरी जाऊन पुस्तक पुन्हा उघडलं.

त्याच साथीत शेजारच्या अक्का आल्या. तापाने तोंड कोरडं पडलं, कवळी बसेना. मी म्हटलं, "शिंकताना तोंडावर रुमाल धरत जा."

"धरू कसा? दोन्ही हात दात धरायला लागतात."

इलेक्ट्रॉनिक सिटीतला एक इंजिनियर दिवसभर खोकल्याच्या गोड गोळ्या चघळायचा. दाढा किडल्या. त्याला बजावलं, "गोळ्या बंद. आणि आजारपणातला ब्रश बदला."

पुढच्या खेपेला विचारलं, "बदललात?"

"हो सर, रूममेटबरोबर."

अण्णा काही महिन्यांनी पुन्हा आले, दाढेसाठी. मी घाबरत घाबरतच विचारलं, "चवीचं काय?"

"आता काळजी नाही, डॉक्टर. कुठला माल घ्यायचा ते बायि बरोबर सांगते."

मला हायसं वाटलं. एव्हाना माझं कन्नड बरंच सुधारलं होतं.

बऱ्याच वर्षांनी एका लग्नात अण्णांच्या पत्नी भेटल्या. अण्णा तेव्हा हयात नव्हते. मी म्हणालो, "त्या वेळी चव परत आली म्हणून दुकान वाचलं."

"चव कुठं आली?" त्या म्हणाल्या. "शेवटपर्यंत नाही आली. चहा मीच चाखत होते."