आईचं हसणं चोरलं

टीव्हीवरच्या कॉमेडीत हशा आधी शूट होतो, विनोद नंतर. सकाळी प्रेक्षक बसवायचे, फ्लोअर मॅनेजरने "हसा!" म्हणून ओरडायचं आणि माणसांनी रिकाम्या स्टेजकडे बघून खिदळायचं. मग एडिटर तो हशा हवा तिथे चिकटवतो. अकरा वर्षं मी असले विनोद लिहिले; कागद रचले असते तर पारसिकचा डोंगर बुटका दिसला असता. त्यात काही पाप आहे असं मला कधी वाटलं नाही.

एकदा हौसेने आईला पहिल्या रांगेत बसवलं. आई हसली की खाडीतले बगळे उडून उरणला जातात. त्याच आठवड्यात मी लिहिलं होतं: आमच्या गावची मासळीवाली सीवूड्सच्या मॉलमध्ये शिरते आणि अडवणाऱ्या मॅनेजरला तोंडानेच गार करते. दिग्दर्शकाने मला न विचारता सगळं फिरवलं. पडद्यावर मासळीवाली सरकत्या जिन्यावर उताणी, मॅनेजर नाक दाबतोय, आणि पुढच्याच क्षणी माझी आई पोट धरून हसतेय! जिने तीस वर्षं डोक्यावर मासळीची टोपली वाहिली, ती!

तिच्यासोबत मासळी विकलेल्या बायका तिच्याशी बोलेनात. "आमनाच हसतेस काय गो?" एवढंच. मी घरोघर जाऊन खुलासे केले.

"हसन्याचा शूटिंग आदी, न जोक मंगारी?" शेजारची काकी म्हणाली. "तू लहानपनापासून असाच फेकतस."

जन्मभर थापा पचल्या, आणि एक खरं बोललो तर ही गत!

दिग्दर्शकाला फोन लावला. "आईचा शॉट काढा."

"अरे, सोनं आहे ते! अजून चार एपिसोडला वापरणार."

सोनं? माझ्या आईचं तोंड म्हणजे तुझ्या बापाची खाण? हे मी करंजाड्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडलो. त्याने फोन आधीच ठेवला होता, ही गोष्ट वेगळी.

आईने ऐकलं. "सगल्यांना तिकरं ने," म्हणाली. पुढच्या शूटिंगच्या प्रेक्षकांचे पास माझ्याच हातात होते. काकीसकट रुसलेल्या बायकांना तिने कसं तयार केलं, देव जाणे.

"हसा!" फ्लोअर मॅनेजर ओरडला. चाळीस बायका, चाळीस दगड. तो घसा बसेपर्यंत ओरडला. दिग्दर्शक धावत आला. "मावशी, प्रॉब्लेम काय आहे?"

आई उभी राहिली. "आदी जोक सांग. कोनावर हाय ता ऐकू दे. मंग बगू."

दिग्दर्शकाने मला दाराकडे बोट दाखवलं. निघालो, तर मागे काकीने आईचा हात धरून तिला आपल्या शेजारी ओढलं. "बस गो. पोरगा खराच बोलत होता."