न चाखलेला गुळांबा

साखरेच्या पाण्यात पोहणारी डब्यातली फळं ताटात दिसली की माझ्या डोक्यात तिडीक जाते. पांढराफटक अननस, कशाचे ते न कळणारे चौकोनी तुकडे आणि वर एक चेरी, जिचा लाल रंग बोटाला लागला की साबणानंही निघत नाही. हे सगळं पिवळ्या कस्टर्डवर ओततात आणि त्याला 'फ्रूट कंपोट' म्हणतात. आमच्या राळेगावकडच्या लग्नांत आता गोडाला हेच. ज्यांच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सीताफळं आणि बोरं सडून जातात, ती माणसंसुद्धा हे वाटीवाटीनं मागून खातात.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या भावाच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. दादा माझ्याहून मोठा, गावात राहून कापूस आणि तूर करतो. मी यवतमाळला एका ऑफिसात आहे. साक्षगंध घरच्या घरीच होतं, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, चार दिवस आधी, आणि पाहुणे कळंबचे. जेवणाचं ठरवायला म्हणून मी एका रविवारी गावी गेले, तर ओसरीवर केटरर मोबाईलमधले फोटो दाखवत बसलेला आणि दादा एकेका फोटोला मान डोलवतोय. गोडाला काय, तर कस्टर्ड आणि कंपोट.

"अन् वहिनीच्या शेवया?" मी विचारलं.

"त्या घरच्यांसाठी," दादा म्हणाला. "पाहुण्यांले शेवया-गुळांबा वाढते काय कोनी? हासतीन लोकं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वहिनी आत चहा गाळत होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं, कारण गाळणी कपावर तशीच धरून ती उभी राहिली होती आणि चहा कधीचा गाळून झाला होता.

वहिनीचा गुळांबा म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या शेताच्या धुऱ्यावर गावरानी आंब्याचं एकच झाड आहे, आंबट ढाण. चैत्रात वादळ सुटलं की खाली कैऱ्यांचा सडा पडतो. मार लागलेली कैरी दुसऱ्या दिवशी काळी पडते, म्हणून वहिनी त्याच दिवशी सगळ्या सोलते, फोडी वाफवते आणि गुळात शिजवते. वेलची, दोन लवंगा, बस. हाताच्या शेवया नुसत्या पाण्यात शिजवून निथळायच्या, वर तुपाची धार सोडायची आणि बाजूला हा गुळांबा घ्यायचा. शेवईला स्वतःची चव नसते. जे काही आहे ते सगळं गुळांब्याचं.

आता यातली गोम अशी, की आमच्या घरात आखाजीला पितरांपुढं ठेवल्याशिवाय कोणी आंबा तोंडाला लावत नाही, कैरीची फोडसुद्धा नाही. म्हणजे वहिनी गुळांबा करते तो न चाखता. वासावर करते, आणि ताटलीवर थेंब टाकून पाक पाहते. माझ्या सासरी हे पाळत नाहीत. म्हणून दरवर्षी वहिनी पहिल्या बरणीच्या तोंडाला फडकं बांधून ती एसटीच्या कंडक्टरजवळ माझ्यासाठी देते. मी चाखायचा आणि फोन करून सांगायचं, की मग तो पितरांपुढं जातो. लग्न होऊन ती आली त्याच्या पुढच्या वर्षापासून हे असंच चाललंय.

तर त्या दिवशी मी केटररच्या समोरच दादाला झापलं. "पोरगी कोनाची? वहिनीचीच नं? मंग तिच्या हातचं गोड पंगतीत नाही, अन् कोन्या कारखान्यातलं डब्यातलं चालते काय तुले?"

"तू शहरात राह्यतं, तुले याचं कौतुक आहे," दादा म्हणाला. "इथं आमाले तोंड दाखवा लागते."

"कोनाले दाखवा लागते तोंड? ज्याईनं डब्यातला अननस खाल्ला त्याईले?"

केटररनं हळूच मोबाईल खिशात घातला. वहिनी पदराला हात पुसत दारात आली. "राहू द्या ताई. एवढ्या लोकांचं कराचं, अन् मले तं चाखता येत नाही. बिघडला तं?"

"बिघडते कसा? चाखाले मी आहो नं," मी म्हणाले. दादानं हात झटकले आणि कस्टर्ड रद्द झालं. मला चहा देताना वहिनीनं माझ्या बशीत दोन बिस्किटं जास्त ठेवली.

पुढच्याच आठवड्यात वादळ झालं आणि पाच टोपल्या कैरी पडली. वहिनीचा फोन आला, की सगळी कैरी मोठ्या पितळी गंजात शिजवली, बरणी पाठवलीय, चाखून लगेच सांगा. आमच्या ऑफिसात तेव्हा वरच्या साहेबांची तपासणी चालू होती. स्टँडवरून बरणी आणली ती मी ओट्याच्या कोपऱ्यात ठेवली. फडक्याची गाठ घट्ट होती, सोडली असती तर हात चिकट झाले असते, आणि भाकरी टाकायच्या होत्या. मी फोन लावला आणि म्हणाले, "एक नंबर झाला, वहिनी."

हे काही पहिल्यांदा नव्हतं. कितीतरी वर्षं मी असंच करत आले होते. तिचा गुळांबा कधी बिघडलाच नाही, तर उघडून काय पाहायचं, असं मला वाटायचं. बरणी डब्यांच्या मागं जायची आणि पावसाळ्यात कामाच्या बाईला दिली जायची. त्याच तोंडानं मी केटररला फोन करून दटावलं, की त्या दिवशी कस्टर्डचं भांडं घेऊन आलास तर दारातून परत पाठवीन.

साक्षगंध छान झालं. मुलगी साडीत गोड दिसत होती, पाहुणे मोकळे होते, दादाही हसत होता. पंगत बसली आणि शेवया मी स्वतः वाढायला घेतल्या. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहत होती, तिनं नवीन लुगडं नेसलं होतं. आधी मुलाच्या मावशीनं घास घेतला. तिचं तोंड जरा वाकडं झालं आणि तिनं पाण्याचा पेला उचलला. मग तिच्या शेजारणीनं उचलला. बघता बघता साऱ्या पंगतीनं गुळांबा ताटाच्या कडेला सारला आणि लोक नुसत्या शेवया तुपाशी खाऊ लागले. टोकाला बसलेल्या एका गृहस्थानं विचारलं, "कस्टर्ड वगैरे नाही काय?" आणि दोघं-तिघं हसले.

मला असा संताप आला की हातातली परात तिथंच आपटावी. डब्यातलं खाऊन खाऊन यांच्या जिभा मेल्या, आता यांना कैरीची चव कुठली कळायला? दादानं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं पाहिलंच नाही. तरातरा आत गेले. एक वाटी भरून घेऊन यायचं, मावशीच्या समोर बसून खायचं आणि दाखवून द्यायचं, असं डोक्यात होतं. गंजातला एक चमचा मी तोंडात घातला.

तांब्याचं जुनं नाणं चोखावं तसं लागलं. कळकला होता. गंज पितळेचा, आतली कल्हई तळाला उडालेली, आणि त्यात आंबट कैरी रात्रभर निवत पडलेली. गुळाच्या रंगात ते दिसत नाही, वासालाही कळत नाही. जिभेलाच कळतं.

मग मला सगळ्यांचाच राग आला. कल्हईवाल्याचा, जो आता गावात येत नाही. दादाचा, जो दरवर्षी गंज कल्हईला राळेगावला नेतो म्हणतो आणि नेत नाही. एवढं मोठं भांडं काढायला लावणाऱ्या वादळाचासुद्धा. आणि यवतमाळला माझ्या ओट्यावर याच गंजातून दुसऱ्या दिवशी भरलेली बरणी होती, फडक्याची गाठ तशीच घट्ट असलेली.

वहिनी मागच्या दारात येऊन बसली होती. बाहेर विडे वाटायची गडबड चालली होती.

"ताई, कसा लागून राह्यला?" तिनं विचारलं. "मले तं अजून चार दिवस चाखता येत नाही."

"कळकला," मी म्हणाले.

तिनं गंजाकडं पाहिलं. "तुमची बरनी तं चांगली होती नं? मंग नंतर बिघडला असन. माह्यीच चूक, बरनी भरली तवाच सगळा काढून ठेवाले पाह्यजे होता."

मी चमचा खाली ठेवला. म्हणाले, "वहिनी, मी बरनी उघडलीच नाही."

ती गंजाची कड पदरानं पुसत राहिली.

"याही साली?" ती म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ती वर न पाहता सांगत होती, "एका साली तं बरनी मी कंडक्टरजवळ द्याचीच होती, एसटी स्टँडवर उभी होती, अन् तुमचा फोन आलता, एक नंबर झाला म्हनून. तवापासून माहीत आहे मले." मग ती उठली आणि गंज मोरीकडं ओढायला लागली. "मले वाटलं, पोरीचं साक्षगंध आहे. या खेपी तरी उघडून पाहान."