मुदत नसलेली विनंती

ऑफिसात वहिनीला सगळे दुभाषी म्हणत. तिची कंपनी वजनकाटे आणि पावत्या छापणारी यंत्रं बनवायची. ही यंत्रं यूएसबीच्या वायरने संगणकाला जोडली की दोघांचं बोलणं घडवून आणणारे ड्रायव्हर वहिनी लिहायची. मी घरं रंगवणारा माणूस, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण ती समजावायला बसली की समोरच्याच्या डोक्यात शिरेपर्यंत उठू द्यायची नाही, जेवण गार झालं तरी.

"कर्नेल म्हणजे संगणकाचा गाभा, भाऊजी. काही ड्रायव्हर त्याच्या आत राहतात. ते कोसळले की सगळंच आडवं. माझे बाहेर राहतात, साध्या प्रोग्रामसारखे. मेले तर एकटेच मरतात."

बाहेरच्याला यंत्राला हात लावायची मुभा नसते. त्याने आधी कर्नेलकडे यंत्राचा ताबा मागायचा. मग विनंती द्यायची, उत्तर ठेवायला मोकळी जागा द्यायची आणि गप्प थांबायचं. कर्नेल यंत्राला विचारत राहतो, आणि उत्तर मिळालं की त्या जागेत आणून ठेवतो.

"आणि यंत्र आपणहून काही बोलत नाही?"

"छे! विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. तुमच्या दादासारखंच."

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, तिचा नवरा. तेव्हा तोही हसला होता. पुढे त्याच्या घशाचा आजार बळावला आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढायचं ठरवलं. त्याआधी अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने बटणांच्या एका छोट्या पेटीत आपल्या आवाजात रोजचे शब्द भरून ठेवले. बटण दाबलं की पेटी त्याच्या आवाजात बोलायची; बटणं थोडी, शब्द पुष्कळ, सगळे आम्हीही कधी ऐकले नव्हते. वर्षभर त्याने अंथरुणातच त्या पेटीवर काढलं, आणि मग तो गेला.

पेटीचा कर्णा फाटला, बनवणारी कंपनी बुडाली, आणि पेटीचा जुना ड्रायव्हर आत घ्यायला नव्या संगणकाने नकार दिला. दादाचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. फोनवरसुद्धा तो नुसता हुंकार भरायचा. तेव्हा वहिनीने स्वतःच ड्रायव्हर लिहिला, तिच्या पद्धतीचा, बाहेर राहणारा. बटण दाबलं की पेटीतला आवाज वायरने यायचा आणि संगणकाच्या स्पीकरवर वाजायचा.

प्रत्येक विनंतीला मुदत घालावी लागते. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर विनंती परत येते. मुदत शून्य घातली तर नवख्याला वाटतं, अजिबात थांबायचं नाही. होतं उलटंच, ती विनंती उत्तर येईपर्यंत थांबून राहते. या चुकीवरून वहिनीने ऑफिसात भल्याभल्यांना फाडून खाल्लं होतं. घरी मात्र तिने स्वतः, जाणूनबुजून, शून्य घातलं.

मी तिच्या खिडकीच्या चौकटीला रंग लावत होतो. ती स्वयंपाकघरात होती. पेटी टेबलावर, पेटीजवळ कोणी नाही. आणि स्पीकरमधून दादा म्हणाला, "आलो गं."

माझ्या हातातला ब्रश खाली पडला. आतून वहिनी सवयीने बोलून गेली, "दार उघडंच आहे."

"बटणाचं रबर झिजलंय," बाहेर येऊन तिने सांगितलं. "दमट हवेने आपोआप टेकत असेल." तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी मानलं. न मानून सांगतो कोणाला!

त्यानंतर ते होतच राहिलं. दिवेलागणीला मी तिच्याकडे असलो की कधी ऐकू यायचं, कधी नाही. नेहमी तेच, "आलो गं." दुसरा शब्द नाही. वहिनी संध्याकाळी बाहेर पडेनाशी झाली. मला तिथे बसायची भीती वाटायची, आणि न जाण्याची त्याहून जास्त.

मग पेटीतली बॅटरी उतरू लागली. तिच्याच जोरावर आतली मेमरी जिवंत होती. बॅटरी बदलायची तर सगळं पुसलं जाणार. आवाज वाचवायचा तर पूर्ण मेमरी लगेच संगणकावर उतरवून घ्यायला हवी होती. त्यासाठी वाट पाहणारी ती विनंती आधी रद्द करणं भाग होतं, आणि पेटी पुन्हा बटणांना उत्तर देण्याइतकी टिकेल याची खात्री नव्हती.

"रद्द करायला माझा हात धजत नाही, भाऊजी. ते बोलत असताना मधेच तोडल्यासारखं वाटतं."

"आवाज तर राहील ना, वहिनी? दादाचा आवाज गेला तर मला नाही सहन होणार."

माझ्यासाठीच तिने कळ दाबली. कर्नेलने विनंती परत केली, पडद्यावर एक ओळ उमटली: रद्द. मग मेमरी उतरू लागली. ती पूर्ण उतरली आणि पेटीचा दिवा विझला तो कायमचाच.

आम्ही ऐकायला बसलो. पाणी. पुरे. खिडकी लाव. भाऊला फोन कर. हसू नकोस. एकेक शब्द स्वच्छ, त्याचाच. मी ढसाढसा रडलो. वहिनी रडत नव्हती, ती शेवटपर्यंत गेली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, मग मेमरीतला कोपरा न् कोपरा तिने तपासला.

"आलो गं" त्यात नव्हतं. असणार तरी कसं? अंथरुणावरून उठता न येणारा माणूस ते कशाला भरून ठेवेल?

"तुम्हीही ऐकलं होतंत ना?" तिने विचारलं.

"ऐकलं होतं."

"मग भाऊजी, मी रद्द कोणाला केलं?"