थेंबभरही न गळणारी पिशवी

माझ्या मोटारसायकलच्या दोन्ही अंगांना ॲल्युमिनियमच्या दोन पेट्या आहेत. पन्नाशी ओलांडल्यावर हौसेनं बसवल्या. दिसायला राजबिंड्या, पण आत ठेवलेला पांढरा सदरा घासून घासून काळा करतात. म्हणून पेटीच्या मापाची एक आतली पिशवी लागते. पेटी गाडीवर राहते, पिशवी उचलून घरात न्यायची. या पिशवीनं गेल्या उन्हाळ्यात मला जेवढा संताप आणला, तेवढा आमच्या अख्ख्या भावकीनं मिळून आणला नव्हता, आणि आमची भावकी त्या कामात कधीच मागं नसते.

मुलीचं लग्न आठवड्यावर आलं होतं. कर्जतकडच्या पत्रिका द्यायच्या राहिल्या होत्या, आणि तिकडंच माझे थोरले काका राहतात. धाकट्या भावानं त्याच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका काकांना मोबाईलवर पाठवली होती. तेव्हापासून काका आमच्यापैकी कुणाच्याच उंबऱ्याला आले नव्हते. अपराध एकाचा, फाशी सगळ्या खानदानाला! मुलगी म्हणाली, "पप्पा, बाकी कोणी रुसलं तर रुसू दे. थोरले आजोबा मांडवात पाहिजेत." तेव्हा पत्रिका हातानंच द्यायची, आणि तीही कोरी करकरीत, चुरगळ न पडलेली.

म्हणून मी नगरला मोटारसायकलच्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथला विक्रेता काळा चष्मा कपाळावर चढवून बसला होता. त्यानं पिशव्यांची रास ओतली. चेनची, गुंडाळून बंद करायची, आतून पिवळी, आतून काळी.

"सर, लडाख का?"

"कर्जत."

त्यानं चष्मा डोळ्यांवर घेतला. मला वाटतं, हसू लपवायला. "तरी सर, ही गुंडाळायचीच घ्या. पूर्ण वॉटरप्रूफ. नदीत टाका, थेंब आत जाणार नाही."

मे महिन्यात कर्जतच्या रस्त्यावर मला बुडवेल अशी नदी कुठून येणार होती? पण मी भुललो. त्यानं दोन्ही पिशव्या एकाच मापाच्या बांधून दिल्या. घरी येऊन पाहतो तर सायलेन्सरच्या बाजूची पेटी अरुंद, आणि तिच्यात पिशवी अर्धी बाहेर! परत गेलो, भांडलो, सगळ्या दुकानाला माझा आवाज ऐकवला आणि एक बदलून आणली. घरी बायको म्हणाली, "अहो, मी जुन्या चादरीच्या दोन पिशव्या शिवून देते की."

"चादरीच्या? या पेट्यांमध्ये?" मी असा काही ताठ उभा राहिलो, की जणू तिनं घोड्याला झूल म्हणून पायपुसणं सुचवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. डाव्या पिशवीत पत्रिकांचा गठ्ठा, उजवीत माझा टॉवेल. वाटेत थोरल्या बहिणीचं गाव. अक्काच्या घरून रिकाम्या हातानं निघालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. मी हात धुवून येईपर्यंत तिनं पेटी उघडून काम उरकलंसुद्धा होतं.

"काकांसाठी ताक ठेवलंय. त्यांना माझ्या हातचं लई आवडतं."

"अक्का, त्यात पत्रिका आहेत!"

"मग काय झालं? बाटलीचं झाकण घट्ट हाय. तुझ्या पत्रिकेला काय चावतंय का ताक?"

बाटली काढून परत द्यावी, तर अक्का पुढची दहा वर्षं ती गोष्ट सांगत फिरणार. एक रुसवा मिटवायला निघालेल्यानं दुसरा कसा ओढवून घ्यावा? बाटली तशीच ठेवली आणि निघालो.

वर ऊन भाजत होतं, खाली रस्त्याचं काम चाललेलं, आणि मधे माझी ॲल्युमिनियमची पेटी, म्हणजे तापलेला तवाच. ताक आंबलं, फुगलं, खड्ड्याखड्ड्यावर घुसळलं. झाकण कधी उडालं ते मला कळलंच नाही, कारण पिशवीतून एक थेंबही बाहेर आला नाही. विक्रेता खरं बोलला होता! जे पाणी आत येऊ देत नाही ते ताक बाहेर तरी कशाला सोडेल?

काकांच्या ओट्यावर मी पिशवी ऐटीत ठेवली, गुंडाळी उलगडली आणि वास आला. काका खुर्चीतून वाकून आत बघत होते.

"ह्ये काय रं?"

"पत्रिका, काका."

"पत्रिका का कढी?"

मी सगळ्यात वरची उचलली. ती खालचीला चिकटली होती. सोडवायला गेलो तर निमंत्रकांच्या नावांची पट्टीच सोलून निघाली, आणि सगळ्यात वर काकांचं नाव होतं! माझ्या मनात एकाच वेळी विक्रेता, अक्का, धाकटा भाऊ आणि रस्त्याचा ठेकेदार उभे राहिले, आणि मी चौघांनाही मोठ्यानं शिव्या घातल्या. काकू आतून पळत आल्या.

"वरडू नगं," काका म्हणाले. "ताक कुठंय?"

"तुमच्या पत्रिकेत!"

"ह्ये न्हाई घ्यायचो मी. तुझ्या भावानं मोबाईलवर धाडली, तू ताकात बुडवून आनली. उद्या कोन सांडग्यासंगं वाळवून आनंल."

"काका, मी नगरहून या उन्हात तुमच्यासाठी आलोय!"

"मग परत ये. कोरडी घिऊन."

आता मात्र माझं डोकं फिरलं. "पुन्हा येणार नाही! घरी कोरड्या पत्रिका ढीगभर पडल्यात. पाहिजे तर चला, नात हातात देईल!"

बोलून गेलो आणि जीभ चावली. काकू कपाळावर हात मारून उभ्या. काका उठून आत गेले. मी म्हटलं, संपलं. आता पोरीला काय सांगू?

काका बाहेर आले ते डोक्यावर टोपी घालून, काखेत धोतरजोडा घेऊन.

"दुसऱ्या पेटीत ताक हाय का?"

"टॉवेल आहे."

"मग ह्ये ठेव तिच्यात. तुझा काय भरवसा न्हाई, मीच येतो. पोरीच्या हातानंच घेईन. अन् ध्येनात ठेव, तुझ्यावरचा राग गेला न्हाई."

"माझाही गेलेला नाही," मी म्हणालो.

काकू म्हणाल्या, त्या लग्नाच्या आदल्या दिवशी एसटीनं येतील. मग त्या आत जाऊन एक बाटली घेऊन आल्या. "पोरीसाठी लिंबाचं सरबत. पेटीत ठेवू?"

"न्हाई!" आम्ही दोघंही एकदम ओरडलो.

काकांनी बाटली मांडीवर घेतली आणि दोन पेट्यांच्या मधे, गुडघे फाकवून, मागच्या सीटवर बसले. नगर येईपर्यंत ते माझ्या कानात भावकीला शिव्या देत होते, आणि मी त्यांत भर घालत होतो. दारात मुलगी धावत आली. तिच्या मागून बायको आली, पेटीजवळ थांबून तिनं वास घेतला आणि म्हणाली, "चादरीच्या पिशवीतून निदान गळून तरी गेलं असतं."