सर्व्हर उत्तर देत नाही

नवरा जहाजावर, सासू-सासरे देवाघरी. पेडण्यातल्या एवढ्या मोठ्या घरात मी आणि माझा लॅपटॉप. काम कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या पोटातलं. कुणी विचारलंच तर "कम्प्युटरचं" म्हणून मोकळी होते. पण विचारणार कोण? सकाळी पोदेर सायकलचा भोंपू वाजवत पाव देऊन जातो, तेवढंच काय ते बोलणं. एकटं वाटतं, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी माझ्या गळ्यात नेटवर्क फाइल सिस्टम पडली. दूरच्या मशीनवरच्या फाइली आपल्याच मशीनवर असल्यासारख्या वापरायच्या, ही तिची सोय. दूरचं मशीन गप्प झालं तर इकडच्यानं वाट बघायची, ते परतलं की काम पुढे न्यायचं. मी कर्नलमध्ये एक बदल केला आणि नेमकं हेच होईना. सर्व्हर परतला तरी इकडचे प्रोग्रॅम अडकलेलेच. बंद करू म्हटलं तर बंदही होत नव्हते. चूक सापडली नाही तर माझा बदल काढून टाकणार होते, आणि बहुतेक मलाही.

चाचणीला खरं अंतर हवं, म्हणून सर्व्हरचा छोटा डबा मी मुळगावला आईकडे ठेवला होता, देवघराजवळच्या प्लगवर. तिथे आईही एकटीच. रोज दिवेलागणीला माझ्या पडद्यावर ओळ यायची: सर्व्हर उत्तर देत नाही, अजून प्रयत्न चालू. मी वैतागून फोन लावायची.

"आई, डब्यावरचा हिरवा दिवा लागलाय का बघ."

"ना गो बाय. लायट गेल्ली, आतां आयली. राव, पळयतां. च्या घेतली तुवें? पोरसांत भेंडे जाल्यात, कोणाक दिवप?"

थांब, बघते म्हणून डबा सुरू होईपर्यंत ती परसातल्या भेंड्यांचं बोलत राहायची. मी हो-हो करत पडद्याकडे बघत असायची.

आई स्वतः कधी फोन करायची नाही. लेकीच्या सासरी कारणाशिवाय फोन करायचा नाही, हा तिचा नेम. अगं, सासरी आता उरलंय कोण, असं सांगून मी थकले. ऐकेल तर ती आई कसली!

चूक शेवटी माझ्याच ओळींत निघाली. परतलेल्या सर्व्हरशी पुन्हा जोडून घेणारा भाग एक कुलूप धरून बसायचा, आणि त्याच कुलपासाठी बाकीचे खोळंबायचे. तो त्यांची वाट बघतोय, ते त्याची. चार ओळी हलवल्या. त्या संध्याकाळी सर्व्हर गेला, थोड्या वेळानं आला, आणि अडकलेलं सगळं आपसूक चालू झालं. मी एकटीनंच टाळ्या पिटल्या. नवऱ्याच्या जहाजाला रेंज नव्हती. आईला यातलं काय कळणार, म्हणून तिला फोन केला नाही.

बदल स्वीकारला गेला, काम टिकलं. ती ओळ रोज यायची, आपोआप जायची. मी तिच्याकडे बघणंही सोडलं. मुळगावला जायचं तर म्हापशाला बस बदलावी लागते, म्हणून तेही राहून गेलं.

मग एका दुपारी आईचाच फोन आला.

"आई, काय झालं?"

"कांय ना गो. कामांत आसतलें तूं. तें तुजें मशीन बिगडलां दिसता. रोज दिवो लावतकच हांव वायर काडून दवरतां. आदीं वायर काडली की लगेच तुजो फोन येतालो. आतां काडली तरी येना."