आधीचा नमुना

किरणोत्सर्गी क्रोमियम वापरून तांबड्या पेशी मोजायची रीत मी कॉलेजात पाठ केली होती. घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. पुस्तकात असतं तसंच जगात असतं, असं मला वाटे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कतारला, दोह्यातल्या एका दवाखान्यात लागलो, तेव्हा तिथे ते क्रोमियम नव्हतंच. परवानगी इन्शाल्ला येणार होती. तोवर डॉक्टरांनी दुसरी रीत काढली. रुग्णाने मोजून घेतलेला, अगदी थोडा कार्बन मोनॉक्साइड पिशवीतून श्वासात घ्यायचा. तो तांबड्या पेशींना चिकटतो. आधीच्या आणि नंतरच्या रक्तातला फरक पाहिला की अंगात पेशी किती, ते गणिताने निघतं.

पहिला रुग्ण ओळखीचा निघाला. आमच्या तालुक्यातले ट्रक ड्रायव्हर, मी त्यांना अण्णा म्हणे. कंपनीच्या तपासणीत त्यांचं हिमोग्लोबिन फार वर गेलं होतं. उन्हाने पाणी आटून रक्त नुसतं घट्ट झालंय की पेशीच वाढल्यात, हे आम्ही सांगायचं होतं. आजार निघाला तर कंपनी त्यांना घरी पाठवणार होती.

वायू द्यायच्या आधीच्याच नमुन्यात कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघाला.

"मशीन बिघडलंय तुझं," डॉक्टर म्हणाले. "असा आकडा असताना मी वर आणखी वायू देणार नाही. आज खलास."

आठवडाभर मी मशीन पुसलं, नळ्या बदलल्या, सिलिंडरची झडप साबणाच्या पाण्याने तपासली. दुसऱ्या खेपेलाही तेच. अण्णा टेबलावरून उतरत म्हणाले, "भाऊ, तुमचं यंत्र लई संशयी हाय." मला हसू आलं नाही. डॉक्टरांनी बजावलं, शनिवारी शेवटची खेप, नाहीतर नुसत्या हिमोग्लोबिनवर रिपोर्ट जाईल. एवढं शिकून मला साधा आधीचा नमुना जमत नव्हता.

शेवटी स्वतःचं रक्त काढून तपासलं. आकडा जवळजवळ शून्य. मशीन बरोबर होतं.

हा वायू बिडी-सिगारेटच्या धुरातही असतो. मग अण्णांचा फॉर्म काढला. धूम्रपान: नाही. अक्षर माझंच, आणि मी त्यांना विचारलंच नव्हतं. दर शुक्रवारी खोलीवर त्यांची घरची पत्रं मीच लिहून देत असे. 'बिडी सोडली' हेही वहिनींना मीच लिहिलं होतं.

शनिवारी विचारलं, "किती ओढता?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. "दोन बंडलं. लांबची गाडी असली तर जास्त."

"मला सांगायचं तरी, अण्णा."

"तुम्हाला कसं सांगनार? पत्र तुम्हीच लिवता."

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "बिडीनेही हिमोग्लोबिन चढतं," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी विचारलं असतंस तर?" त्यांनी कंपनीला कळवलं: बिडी बंद करून तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, तोवर कामावर ठेवावं.

त्या शुक्रवारी अण्णा पत्राला बसले. "लिवा. तब्येत बरी हाय. बिडी सोडली."

मी पेन खाली ठेवलं. "किती दिवस झाले?"

"सहा."

"मग सहा दिवस लिहितो."

"सहा वाचून ती काय म्हनंल?" ते रागावलेच. मी तरी सहाच लिहिलं.

पुढच्या शुक्रवारी चपला काढायच्या आधीच म्हणाले, "तेरा."